भुलेच्या टेबलावर उघड होणारा वारसा

बडोद्याच्या अलकापुरीतील एखाद्या खासगी इस्पितळात पित्ताशयातील खडे काढून घेण्यासाठी दाखल झालेल्या गृहस्थांची तपासणी आदल्या दिवशी यथासांग पार पडलेली असते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख या सर्वांचे कागद फायलीत लागलेले असतात, आणि शल्यचिकित्सकाने काळजीचे कारण नसल्याचा निर्वाळाही दिलेला असतो. मग सायंकाळी भूलतज्ज्ञ येतो आणि असे काही प्रश्न विचारतो की त्यांचा पित्ताशयाशी संबंध काय, हे घरच्या मंडळींना उमगत नाही. ‘आपल्या भावंडांत, चुलत-मावस नात्यांत, भूल दिल्यावर कोणाला काही विपरीत झाले होते का? कोणाचा श्वास परत सुरू व्हायला तासन्‌तास लागले होते का? अगदी किरकोळ शस्त्रक्रियेत कोणी दगावले होते का? मूळ गाव कोणते? समाज कोणता?’ शेवटच्या प्रश्नाने तर सुशिक्षित माणसाच्या कपाळाला आठी पडते. शस्त्रक्रियागृहाच्या दारातही जातपात सुटत नाही, असे त्याला वाटते.

वस्तुतः हे प्रश्न म्हणजे एका तपासणीचाच भाग असतात, आणि ती तपासणी ज्या गोष्टीचा शोध घेते ती गोष्ट वरच्या कोणत्याही कागदावर उमटलेली नसते. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच असा एखादा बारीकसा फरक असतो की ज्यामुळे त्यांचे खाणेपिणे, चालणे, कष्ट करणे, संसार करणे यांत आयुष्यभर यत्किंचितही उणे पडत नाही. परंतु भुलेच्या वेळी वापरले जाणारे एखादे विशिष्ट औषध त्या शरीरात गेले, म्हणजे इतरांना पाच मिनिटे पुरणारा परिणाम त्यांच्या बाबतीत चार तास टिकतो, किंवा इतरांना शांत झोप देणारी वाफ त्यांच्या स्नायूंत वणवा पेटवते. हा फरक आईबापांकडून येतो, भावंडांत वाटला जातो, आणि औषधाची गाठ पडेपर्यंत कोणालाही आपली चाहूल लागू देत नाही. अशा अदृश्य वारशाचे निदान वैद्यकाने कसे साधले, आणि ते साधताना घरच्या माणसांच्या आठवणीला एवढे महत्त्व का आले, ते क्रमाने पाहू.

पाच मिनिटांचे औषध

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दिली जाणारी भूल तीन निरनिराळी कामे साधते: शुद्ध हरपवणे, वेदना थांबवणे आणि स्नायू सैल पाडणे. यांतील तिसरे काम सामान्य माणसाच्या ध्यानी सहसा येत नाही. श्वासनलिकेत नळी घालायची तर जबडा, घसा आणि स्वरयंत्र ही पूर्ण शिथिल व्हावी लागतात. आणि रात्री-अपरात्री सिझेरियनसाठी आणलेल्या बाईसारखा रुग्ण भरल्या पोटी असेल, तर हे काम मिनिटाभरात उरकावे लागते, कारण विलंब झाल्यास जठरातील अन्न उलटून फुप्फुसात उतरण्याचे भय असते. या कामी १९५१ च्या सुमारास वापरात आलेले सक्सामिथोनियम हे औषध, जे आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत ‘स्कोलीन’ या नावाने सर्वांच्या तोंडी आहे, अतिशय उपयोगी ठरले, कारण ते चटकन चढते आणि तितक्याच चटकन उतरते.

ते चढते कसे? मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य सुटते आणि त्याच्या स्पर्शाने स्नायू आकुंचन पावतो, हा शरीराचा नित्याचा व्यवहार आहे. स्कोलीनचा रेणू म्हणजे ॲसिटिलकोलिनचेच दोन रेणू परस्परांस जोडलेले. त्यामुळे तो स्नायूवर त्याच जागी जाऊन बसतो, प्रथम सर्वांगावर बारीक फडफड उठवतो, आणि मग तेथून हलतच नाही म्हणून स्नायू पुढच्या संदेशाला प्रतिसाद देईनासा होतो. हात, पाय, घसा, आणि श्वास घेणारे छातीचे व मध्यपटलाचे स्नायू, सारे निश्चल होतात. तेवढा वेळ श्वासाचे काम भूलतज्ज्ञ आपल्या हातातील पिशवीने करतो.

आणि ते उतरते कसे? आपले यकृत एक विकर, म्हणजे एन्झाइम, सतत तयार करून रक्तात सोडत असते. त्याचे नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज, आणि जुन्या पुस्तकांत स्यूडोकोलिनएस्टरेज. शिरेत टोचलेल्या स्कोलीनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हे विकर रक्तातच, स्नायूपर्यंत पोहोचण्यापूर्वी, तोडून टाकते. उरलेला अल्पांश तेवढा आपले काम करतो आणि पाच-सात मिनिटांत तोही रक्तात परतून नष्ट होतो. ज्याच्या रक्तात हे विकर नाही, किंवा आहे पण सदोष आहे, त्याच्या बाबतीत नेहमीची मात्रा जवळजवळ पूर्णपणे स्नायूंवर जाऊन बसते आणि मूत्रपिंडांद्वारे सावकाश बाहेर पडेपर्यंत तेथेच राहते. शस्त्रक्रिया आटोपते, बाकीची भूल उतरू लागते, आणि रुग्ण मात्र श्वास घेत नाही. ही अवस्था शस्त्रक्रियागृहात ‘स्कोलीन एप्निया’ म्हणून ओळखली जाते.

तिचा उपचार साधा आहे, परंतु त्याला धीर लागतो: नळी काढायची नाही, कृत्रिम श्वास चालू ठेवायचा, आणि रुग्णाला निद्रिस्त ठेवायचे, कारण शुद्ध आलेली आहे पण पापणीदेखील हलवता येत नाही, यासारखी यातना दुसरी नाही. तीन-चार तासांत श्वास आपोआप परततो. धोका असतो तो अज्ञानाचा. कारण न कळता नळी घाईने काढली गेली, किंवा यंत्रसामग्री अपुरी असली, तर धडधाकट माणूस गमावला जातो.

दोष औषधात, की माणसात?

भुलेखाली होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचा छडा लावण्याचा उद्योग जुना आहे, आणि त्यातला एक गाजलेला अध्याय आपल्याच शेजारी घडला. ज्या निजामी राज्यात तेव्हा आजचा मराठवाडा मोडत होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खजिन्यातील द्रव्याने १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यक-साप्ताहिकाच्या वतीने लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि मागाहून हृदय, सबब भूल देणाराने नाडीऐवजी श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा निर्णय त्यांनी दिला. तो पुढे अपुरा ठरला, कारण क्लोरोफॉर्म हृदयालाही एकाएकी थांबवू शकते. पण येथे प्रस्तुत असलेली गोष्ट निराळी आहे. आयोगाने औषधाची चौकशी केली, देणाराच्या पद्धतीची चौकशी केली. घेणारा मात्र सर्वत्र एकसारखाच असतो, हे गृहीत धरूनच ती सारी चौकशी चालली होती.

हे गृहीतकच तपासावे, असे ज्यांच्या मनात आले त्यांत वर्नर कालो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जर्मनीत जन्मलेले आणि कॅनडात टोरंटो येथे स्थायिक झालेले हे औषधशास्त्रज्ञ. स्कोलीनने दीर्घकाळ श्वास थांबलेल्या रुग्णांचे रक्त तपासताना त्यांना असे दिसले की काहींच्या रक्तात विकराचे प्रमाण कमी आहे एवढेच नव्हे, तर त्या विकराची जातच निराळी आहे. ती जात ओळखण्यासाठी त्यांनी १९५७ साली जी कसोटी प्रसिद्ध केली ती आजही प्रचारात आहे.

प्रमाण आणि जात यांतला हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण निदानाची सारी किल्ली त्यात आहे. विकराचे प्रमाण अनेक कारणांनी घटू शकते: यकृताचा विकार, कुपोषण, गर्भारपण, किंवा शेतात फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गाची कीटकनाशके. शेतकऱ्याच्या पोटात फवारणीचे औषध गेल्याची शंका आली की रक्तातील याच विकराची पातळी पाहतात, हे वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल. तेव्हा नुसती पातळी कमी निघाली, म्हणजे वारसा सिद्ध झाला असे होत नाही.

कालो यांनी डिब्युकेन नावाचे, एरवी अवयव बधिर करण्यासाठी वापरले जाणारे औषध हाती घेतले. ठरावीक प्रमाणात ते रक्तद्रवात मिसळले असता नेहमीच्या विकराचे काम सुमारे ऐंशी टक्क्यांनी मंदावते. सदोष जातीच्या विकराचे काम मात्र सुमारे वीस टक्क्यांनीच मंदावते. हा आकडा म्हणजे डिब्युकेन अंक. ज्याने आई आणि बाप या दोघांकडूनही नेहमीचे जनुक घेतले त्याचा अंक ऐंशीच्या आसपास, दोघांकडूनही सदोष जनुक घेतले त्याचा वीसच्या आसपास, आणि एक असे व एक तसे आले त्याचा साठच्या आसपास. औषध न टोचता, रुग्णाला कसलाही धोका न पत्करायला लावता, केवळ थोड्या रक्तावरून माणसाचा वारसा वाचता येऊ लागला. आणि माणसामाणसांतील जनुकीय फरकांमुळे एकच औषध निरनिराळे का वागते, हे शोधणाऱ्या एका नव्या विद्याशाखेची पायाभरणी झाली.

एका समाजाची कथा

या कसोटीला एक मर्यादा आहे. काही माणसांच्या रक्तात हे विकर मुळी नसतेच; त्यांचे जनुक मूक असते, आणि जेथे विकरच नाही तेथे डिब्युकेनने मंदावायचे तरी काय? युरोप-अमेरिकेत अशी माणसे लाखात एखादी. भारतात मात्र एका समाजात हे प्रमाण विलक्षण आढळले, आणि तो समाज मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा आहे.

आर्य वैश्य, अर्थात कोमटी, हा मूळचा तेलुगू व्यापारी समाज. गोदावरीच्या खोऱ्यातील पेनुगोंडा हे त्याचे श्रद्धास्थान आणि वासवी कन्यका परमेश्वरी ही कुलस्वामिनी. निजामी अमदानीत आणि तिच्याही आधीपासून या समाजाची घराणी नांदेड, लातूर, परभणी, यवतमाळ, चंद्रपूर या भागांत नांदली. घरात तेलुगू आणि पेढीवर मराठी असा त्यांचा दुहेरी संसार कित्येक पिढ्या चालत आला आहे. कोइमतूर येथील भारतियार विद्यापीठातील आर. बूपती आणि अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील ओक्साना लॉक्रिज यांच्या सहकाऱ्यांनी कोइमतूर येथील वैश्य समाजातील २२६ व्यक्तींचे रक्त तपासून २००६ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे चार टक्के व्यक्तींच्या रक्तात हे विकर जवळजवळ शून्य असल्याचे आढळले. कारणही सापडले: या विकराच्या लांबलचक साखळीत ३०७ व्या जागी ल्यूसीनऐवजी प्रोलीन हे अमिनो आम्ल येऊन बसले होते, आणि तेवढ्या एका बदलाने सबंध रेणू टिकेनासा झाला होता. ही सर्व माणसे निरोगी होती. विकर नाही म्हणून त्यांचे काहीही अडलेले नव्हते.

असे का व्हावे, याचे उत्तर समाजाच्या इतिहासात आहे. फार प्राचीन काळी मूळ पूर्वजांची संख्या थोडी असली, त्यांतल्या एखाद्याच्या ठायी असा बदल असला, आणि पुढच्या सर्व पिढ्यांनी सोयरीक आपल्याआपल्यातच केली, तर तो बदल बाहेर न जाता त्याच समाजात फिरत राहतो. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांनी २००९ साली असे दाखवले की वैश्य समाजाची ही मूळ कोंडी शंभरांहून अधिक पिढ्यांपूर्वीची आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची या समाजातील जुनी चाल लक्षात घेतली, म्हणजे एकच जनुक दोन्ही बाजूंनी एकाच अपत्यात येण्याचा संभव आणखी वाढतो, हेही ध्यानात येईल.

येथे थोडे गणित उपयोगी आहे. पंचवीस माणसांमागे एकाकडे जर दोन्ही जनुके मूक असतील, तर त्या समाजातील एकंदर जनुकांपैकी एक-पंचमांश मूक असली पाहिजेत, आणि त्या हिशेबाने एकच मूक जनुक बाळगणाऱ्यांची संख्या शेकडा बत्तीसपर्यंत जाते. म्हणजे प्रत्यक्ष त्रास होऊ शकणाऱ्या एका माणसामागे, स्वतः फारसा त्रास न होता वारसा पुढे नेणारी आठ माणसे असतात.

भूलतज्ज्ञाचा ‘समाज कोणता?’ हा प्रश्न यातून निघालेला आहे, आणि त्यात कमीपणा देण्याचा लवलेशही नाही. शिवाय यातून एखाद्याच समाजाकडे बोट दाखवणे हा अन्याय होईल. याच परंपरेतील २०१७ च्या पाहणीत दक्षिण आशियातील २६३ समूह अभ्यासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत पूर्वजांची अशी कोंडी फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळली, आणि त्यांत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे समूह चौदा होते. जातीतच लग्न करण्याची आपली रीत जेथे जेथे आहे, तेथे तेथे कोणता ना कोणता मूक वारसा साठून आहे; वैश्य समाजाचा तेवढा लवकर उघडकीला आला, कारण स्कोलीनने तो उघड केला.

दुसरा, अधिक उग्र प्रकार

विकराच्या अभावात माणूस निश्चल पडून राहतो आणि वेळ गेला की बरा होतो. दुसऱ्या प्रकारात वेळ हाच शत्रू असतो. त्याचे नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे घातक ज्वर. आणि त्याला कारण ठरतात हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारख्या हुंगण्याच्या वाफा, तसेच पुन्हा तेच स्कोलीन.

स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचा एक बंदिस्त साठा असतो. संदेश आला की त्या साठ्याची दारे क्षणभर उघडतात, थोडे कॅल्शियम बाहेर येते, स्नायू आखडतो; लगेच दारे मिटतात, कॅल्शियम परत आत ओढले जाते आणि स्नायू सैल पडतो. बडोदेकरांना आजवा सरोवराचे उदाहरण पुरेसे आहे: दरवाजांतून मोजके पाणी सुटते तोवर शहर सुखात असते, पण दरवाजे उघडले आणि मिटेनासेच झाले, तर विश्वामित्रीच्या काठी काय होईल, हे सांगायला नको. पेशीतील या दाराला रायानोडिन ग्राहक म्हणतात, आणि ते घडवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. काही माणसांत त्या जनुकातील बदलामुळे हे दार किंचित हलके असते. एरवी ते नीट चालते. पण वर सांगितलेली वाफ लागली की उघडे राहते.

मग सर्वांगाचे स्नायू एकाच वेळी आखडू लागतात. बाहेर आलेले कॅल्शियम आत ओढण्याचा निष्फळ खटाटोप करताना पेशी आपले सारे इंधन जाळते. प्राणवायू प्रचंड खर्च होतो, कर्बवायू साठतो, रक्त आम्लधर्मी होते, ताप काही मिनिटांच्या अंतराने अंशाअंशाने चढत जातो, फुटलेल्या पेशींतील पोटॅशियमने हृदय बिघडते आणि स्नायूंतील रंगद्रव्याने मूत्रपिंडे तुंबतात. नावात ज्वर असला तरी ताप हे उशिराचे लक्षण आहे. सावध भूलतज्ज्ञाला पहिली सूचना मिळते ती श्वासावाटे निघणारा कर्बवायू विनाकारण वाढू लागल्याची, किंवा स्कोलीन देऊनही जबडा सैल न पडता घट्ट मिटल्याची.

याचा शोध एका तरुणाच्या भीतीतून लागला. १९६० साली मेलबर्न येथे मोटारीच्या धक्क्याने पाय मोडलेला एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी इस्पितळात आला. त्याला मोडलेल्या हाडाची नव्हती एवढी धास्ती भुलेची होती, कारण त्याच्या नात्यातील दहा माणसे ईथरच्या भुलेनंतर दगावली होती. ईथर टाळून त्याला त्या काळी नवे असलेले हॅलोथेन देण्यात आले. दहा मिनिटांच्या आत त्याचा रक्तदाब घसरला, नाडी धावू लागली, अंग तापले. औषध तत्काळ थांबवून बर्फाने अंग गार केल्यावर तो वाचला. मायकेल डेनबरो आणि रिचर्ड लॉव्हेल या डॉक्टरांनी त्याच्या कुटुंबाचा तपशील जमवून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या सरळ उतरत आल्याचे दाखवले. वैद्यकाला ज्या विकाराचे नावही ठाऊक नव्हते, त्याचे निदान त्या कुटुंबाने आपल्या शोकातून आधीच केलेले होते. डॉक्टरांचे श्रेय हे की त्यांनी ती कैफियत भ्रम म्हणून बाजूला न सारता ऐकून घेतली आणि लिहून ठेवली.

स्नायूच्या तुकड्याची परीक्षा

येथे पुन्हा कालो यांची गाठ पडते. दोष स्नायूत आहे, तर परीक्षाही स्नायूचीच झाली पाहिजे. १९७० साली त्यांनी बेव्हर्ली ब्रिट यांच्यासह असे दाखवले की अशा रुग्णांच्या स्नायूचा तुकडा कॅफिनच्या द्रावात नेहमीपेक्षा फार लवकर आखडतो, कारण कॉफीतले हे द्रव्य तेच कॅल्शियमचे दार ढकलते. पुढे हॅलोथेनचीही जोड मिळून आजची प्रमाण कसोटी तयार झाली. मांडीच्या स्नायूतून छोटे तुकडे काढतात, सूक्ष्म ताण मोजणाऱ्या यंत्रावर टांगतात, आणि वाढत्या तीव्रतेचे कॅफिन व हॅलोथेन त्यांना देतात. युरोपीय पद्धतीत लिटरला दोन मिलिमोल इतक्या किंवा त्याहून सौम्य कॅफिनने स्नायू ठरावीक मर्यादेपलीकडे आखडला, तर तो माणूस प्रवण ठरतो. तुकडा काढल्यापासून सुमारे पाच तासांत ही परीक्षा उरकावी लागते. म्हणून नमुना पाठवून भागत नाही, माणसालाच प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते, आणि अशा प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत.

जनुकाची तपासणी रक्तावर होते, म्हणून ती सोयीची. पण तिला एक खोच आहे. रायानोडिन ग्राहकाचे जनुक अवाढव्य असून त्यापासून घडणारी प्रथिनाची साखळी ५,०३८ अमिनो आम्लांची आहे. तिच्यात शेकडो ठिकाणी बदल आढळतात, आणि त्यांतले थोडेच निश्चित घातक म्हणून सिद्ध झाले आहेत. शिवाय क्वचित दोष दुसऱ्याच जनुकात असतो. सिद्ध झालेला बदल सापडला, तर माणूस प्रवण आहे हे निश्चित. न सापडला, तर तो सुरक्षित आहे असे मात्र म्हणता येत नाही. ती निर्दोषत्वाची सनद आजही स्नायूच्या परीक्षेकडूनच घ्यावी लागते. तसेच, पूर्वी एकदोनदा भूल सुखरूप पार पडली म्हणून निश्चिंत होणे चूक ठरते. प्रवण माणसाला पहिल्या खेपेस काहीच न होता तिसऱ्या खेपेस झटका यावा, असे वारंवार घडलेले आहे.

उपचाराची बाजू १९७५ पर्यंत अंधारी होती. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे गेसफर्ड हॅरिसन यांनी, हाच दोष जन्मतः बाळगणाऱ्या डुकरांवर, डॅन्ट्रोलीन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवले. ते थेट त्या दारावरच काम करून ते मिटवते. पूर्वी या झटक्यात दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत. औषध वेळेवर मिळते तेथे आता शंभरांत दहाहूनही कमी. परंतु मात्रा मोठी लागते: किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पहिल्याच खेपेस वीस मिलिग्रॅमच्या आठ कुप्या, आणि पारंपरिक प्रकारातील प्रत्येक कुपी साठ मिलिलिटर पाण्यात हलवून विरघळवायची. हे सारे झटका सुरू असताना करायचे. म्हणून पूर्वसूचनेची किंमत औषधाहून अधिक.

आणि पूर्वसूचना मिळाली, तर मार्ग मोकळे आहेत. कमरेतून सुन्न करणारी भूल, शिरेवाटे दिले जाणारे प्रोपोफॉल, स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम. यांतले काहीही अशा माणसाला देता येते, आणि भुलेच्या यंत्रातून जुन्या वाफेचा अंश धुऊन काढला की धोका जवळजवळ उरत नाही. याचा अर्थ असा की निदान पुरते सिद्ध झालेले नसतानाही सावधगिरी पुरती बाळगता येते. नुसती सबळ शंका पुरे.

वंशावळीत काय नसते

ही शंका येणार कोठून? कुटुंबाच्या नोंदीतून, आणि येथे आपली एक उणीव स्पष्ट दिसते. ज्या बडोद्यात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सयाजीराव महाराजांच्या नोकरीत राहून ‘मराठी रियासत’ लिहिली, त्या शहरातील मराठी माणसाला कागदाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. घरोघर वंशावळी आहेत, कुलवृत्तान्त छापले गेले आहेत. परंतु त्यांत मृत्यूची तिथी असते, मृत्यूचे कारण नसते. आणि त्या वंशावळी बहुधा पुरुषांच्या असतात. लेकी लग्न होऊन गेल्या की शाखा संपते, सुना येतात त्यांचे माहेर अर्ध्या ओळीत आटोपते.

जनुकांना ही वाटणी मान्य नाही. घातक ज्वराची प्रवणता आई किंवा बाप, कोणाही एकाकडून येते, आणि अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. विकराचा अभाव मात्र आई आणि बाप दोघांकडून मूक जनुक आल्यावरच प्रकटतो. म्हणून तेथे आजोळची हकीकत निम्मी साक्ष असते, आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच योग असण्याचा संभव चारांत एक. तेव्हा भूलतज्ज्ञाने नात्यांविषयी विचारले असता केवळ काका-चुलत्यांचा जबाब देऊन थांबू नये. मामा, मावशी, आत्या आणि त्यांची मुले, विशेषतः परगावी दिलेल्या बहिणी, यांचीही आठवण काढावी. ‘आजी ऑपरेशनात गेली’ या वाक्यापाशी न थांबता, कोणते ऑपरेशन, कोणते इस्पितळ, भूल पूर्ण की कमरेतून, ताप चढला होता का, श्वास किती वेळाने आला, एवढे विचारून लिहून ठेवावे.

थोडक्यात

- विकराचा अभाव: स्कोलीननंतर श्वास तासन्‌तास परत येत नाही, कृत्रिम श्वास दिल्यास रुग्ण पूर्ण बरा होतो. निदान रक्तातील विकराची पातळी, डिब्युकेन अंक आणि जनुक-तपासणी यांनी होते.
- घातक ज्वर: भुलेच्या वाफा किंवा स्कोलीन यांमुळे स्नायू आखडतात, कर्बवायू व ताप वाढतो. निदान स्नायूच्या परीक्षेने किंवा जनुक-तपासणीने, उपचार डॅन्ट्रोलीन.
- कोणी विशेष सावध राहावे: ज्यांच्या रक्ताच्या नात्यात भुलेखाली अकल्पित मृत्यू, अतितीव्र ताप किंवा लांबलेला श्वासरोध घडला आहे; तसेच आर्य वैश्य समाजातील व्यक्तींनी स्कोलीनबाबत.
- काय करावे: भूलतज्ज्ञाला आपणहून सांगावे, लेखी चिठ्ठी मागून घ्यावी, तिची प्रत सख्ख्या नातलगांना द्यावी. पूर्वीची भूल सुखरूप झाली असली तरीही सांगावे.

चिठ्ठी आणि सोयरीक

एक अडचण वैद्यकाच्या हातची नाही. शस्त्रक्रियेनंतर भूलतज्ज्ञाने ‘या व्यक्तीस स्कोलीन देऊ नये’ अशी चिठ्ठी लिहून दिली, म्हणजे पुष्कळ घरांत ती कपाटात खोल ठेवली जाते. विशेषतः ती व्यक्ती लग्नाची मुलगी असली, तर ‘आनुवंशिक’ हा शब्द सोयरिकीच्या बोलण्यात येऊ नये म्हणून आईबाप जपतात. ही भीती त्यांनी हवेतून आणलेली नाही. आपल्या समाजाने ती त्यांना शिकवली आहे. परंतु ज्या शरीरस्थितीला ना औषध लागते ना पथ्य, जिच्यामुळे आयुष्य एका दिवसानेही घटत नाही, आणि जी केवळ दोन-चार औषधे वर्ज्य केली की निष्प्रभ होते, तिला रोग म्हणणेच मुळी चुकीचे आहे. पेनिसिलिन सोसत नाही हे आपण बिनदिक्कत चारचौघांत सांगतो. त्याच सहजतेने हेही सांगता आले पाहिजे.

आणि ते सांगितले गेले नाही, तर त्याची झळ बहुधा त्याच मुलीला लागते. कारण तरुण स्त्रीवर अवेळी, भरल्या पोटी, घाईने शस्त्रक्रिया होण्याचा जो सर्वांत संभाव्य प्रसंग, तो बाळंतपणाचा, आणि स्कोलीन हाती घेतले जाते ते नेमके अशाच वेळी. सासरच्या गावातील त्या डॉक्टरांना माहेरच्या कपाटातील चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून ती मुलीच्या सामानाबरोबर, तिच्या रक्तगटाच्या कागदासोबत, सासरी गेली पाहिजे. जावयाला तिचा अर्थ ठाऊक असला पाहिजे. आणि तिच्या प्रती भावांकडे, बहिणींकडे, मामांकडे पोहोचल्या पाहिजेत. अशा चिठ्ठीचे खरे धनी सारे गणगोत असते, आणि ती किती घरांत पोहोचली यावरच तिची उपयुक्तता ठरते.